निम्मी शंका आणि दहा मीटरचा चौथरा : फुकुशिमा दाइइचीचं प्रकरण

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. साधारण पन्नास मिनिटांनी फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रावर मोठी लाट चाल करून आली. केंद्राच्या पहिल्या चार अणुभट्ट्या १० मीटर उंचीच्या चौथऱ्यावर उभ्या होत्या. पाणी चढलं साडेअकरा ते साडेपंधरा मीटरपर्यंत. तळघरांतले बहुतेक डिझेल जनरेटर आणि विजेचे स्विचबोर्ड बुडाले, भट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि पुढच्या काही दिवसांत तीन भट्ट्यांचे गाभे वितळले.

एवढ्या मोठ्या लाटेची कुणाला कल्पनाच नव्हती, असं त्यानंतर वारंवार सांगितलं गेलं. कागदपत्रं वेगळं सांगतात. २००८ मध्येच याच केंद्रासाठी केलेल्या गणितातून १५.७ मीटर हा आकडा निघाला होता. ज्या भूकंपावर ते गणित आधारलं होतं, तो किती वर्षांतून एकदा होऊ शकतो याचा सरकारी अंदाज त्याच्या सहा वर्षं आधी प्रसिद्ध झाला होता. आकडे हाती होते, पण त्या आकड्यांविषयी शास्त्रज्ञांमध्ये मतभेद होते, आणि मतभेद असलेल्या आकड्याचं करायचं काय, याचं उत्तर कुणी दिलं नाही. भूकंपजन्य त्सुनामीच्या संभाव्यतेचा विषय समजून घेण्यासाठी मला या प्रकरणाइतकं उपयोगी दुसरं प्रकरण दिसत नाही, म्हणून ते सविस्तर मांडतो.

३.१ मीटर कुठून आले

केंद्राला मूळ परवानगी मिळाली १९६६ मध्ये. तेव्हा इथे ३० ते ३५ मीटर उंचीचा समुद्रकडा होता. तो तासून जमीन १० मीटरवर आणली गेली. पाया खालच्या घट्ट थरावर बसावा, समुद्राचं पाणी उपसण्याचा खर्च कमी यावा आणि जहाजातून आलेली अवजड यंत्रं वर चढवणं सोपं जावं, अशी त्यामागची कारणं होती. त्सुनामीचा विचारही झाला होता. आराखड्यात ३.१ मीटरची लाट धरली होती. हा आकडा १९६० च्या चिलीतल्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपाचा. त्या भूकंपाची लाट अख्खा पॅसिफिक महासागर ओलांडून जपानला पोहोचली आणि केंद्राच्या दक्षिणेला असलेल्या ओनाहामा बंदरात एवढ्या उंचीची नोंदली गेली. बंदराच्या नोंदीतली सर्वांत मोठी लाट हीच, म्हणून आराखड्यातली लाटही हीच.

बंदरातल्या नोंदी काही दशकांच्याच असतात. सरासरी हजार वर्षांतून एकदा येणारी लाट साठ वर्षांच्या नोंदीत न सापडण्याची शक्यता ९४ टक्के आहे. म्हणजे नोंदवही कोरी असणं हेच अपेक्षित असतं, आणि ती कोरी आहे यावरून किनाऱ्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

२००२ मध्ये जपानच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने अणुकेंद्रांसाठी त्सुनामी-मूल्यांकनाची नवी पद्धत ठरवली. इतिहासात माहीत असलेल्या मोठ्या भूकंपांची प्रतिरूपं संगणकात मांडायची, भ्रंशाची, म्हणजे जमिनीतली जी भेग सरकून भूकंप होतो तिची, जागा, दिशा, उतार थोडे थोडे बदलून पाहायचे आणि त्यातली सर्वांत वाईट लाट धरायची, अशी ती पद्धत. या हिशेबाने फुकुशिमाचा आकडा ५.७ मीटर झाला. २००९ मध्ये तो ६.१ वर गेला. समुद्राच्या पाण्याचे पंप त्याप्रमाणे उंच केले गेले. पद्धत काळजीपूर्वक बनवलेली होती, यात वाद नाही. पण तिच्यात एक मोकळी जागा राहिली. फुकुशिमाच्या थेट समोर, खोल समुद्रातल्या खंदकाजवळ, म्हणजे जिथे पॅसिफिक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा तुकडा) जपानखाली सरकतो तिथे, मोठ्या त्सुनामीची ऐतिहासिक नोंद नव्हती. नोंद नाही म्हणून तिथे भ्रंश मांडला गेला नाही, आणि भ्रंश मांडला नाही म्हणून तिथून लाटही निघाली नाही.

२० टक्के आणि ६ टक्के

त्याच वर्षी, जुलै २००२ मध्ये, दुसऱ्या दिशेने दुसरा आकडा आला. कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतर जपान सरकारने भूकंप संशोधनासाठी एक मुख्यालय स्थापन केलं होतं. भूकंपांचे दीर्घकालीन अंदाज जाहीर करणं हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक. या मुख्यालयाने सांगितलं की जपान खंदकाच्या कडेला, उत्तरेच्या सानरिकुपासून दक्षिणेच्या बोसोपर्यंत, ‘त्सुनामी-भूकंप’ कुठेही होऊ शकतो. त्सुनामी-भूकंप म्हणजे ज्यात जमीन हलते कमी आणि पाणी उसळतं फार, असा भूकंप. खंदकाजवळच्या उथळ भागात भ्रंश सावकाश सरकतो, त्यामुळे किनाऱ्यावर धक्का सौम्य लागतो. समुद्रतळ मात्र मोठ्या क्षेत्रावर उचलला जातो. १८९६ ची मेइजी सानरिकु त्सुनामी याच प्रकारची होती. लोकांना धक्का किरकोळ वाटला आणि काही वेळाने लाटा आल्या. एका ठिकाणी पाणी ३८ मीटर उंचीपर्यंत चढलं आणि सुमारे २२,००० माणसं गेली.

मुख्यालयाचं गणित वहीच्या एका पानावर मावेल इतकं साधं आहे. ते इथे करून दाखवतो, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो. १६११, १६७७ आणि १८९६ अशा तीन घटना. साधारण चारशे वर्षांत तीन, म्हणजे पूर्ण पट्ट्यात १३३ वर्षांतून एक. घटना एकमेकींपासून स्वतंत्रपणे, पण ठरावीक सरासरी दराने घडतात असं धरलं, तर पुढच्या ३० वर्षांत निदान एक घडण्याची शक्यता येते २० टक्के. पट्टा सुमारे ८०० किलोमीटर लांबीचा, एका भूकंपात तुटणारा भ्रंश सुमारे २०० किलोमीटरचा. म्हणजे कुठल्याही एका विशिष्ट तुकड्याच्या वाट्याला यातला चौथा हिस्सा येतो: ५३० वर्षांतून एक, आणि ३० वर्षांत सुमारे ६ टक्के.

यावर आक्षेप होते, आणि ते दखल घेण्याजोगे होते. १६११ ची घटना नेमकी कुठली, यावर एकमत नव्हतं. खंदकाची रचना उत्तरेला आणि दक्षिणेला सारखी नाही, मग उत्तरेत झालेला भूकंप फुकुशिमासमोर तसाच होईल हे कशावरून? खुद्द मुख्यालयाने २००३ मध्ये या अंदाजाला विश्वासार्हतेची श्रेणी दिली तेव्हा संभाव्यतेच्या बाबतीत ती ‘काहीशी कमी’ अशी दिली. तीन घटनांवर उभा असलेला आकडा आणखी पक्का असणार तरी किती! मात्र विश्वासार्हता कमी असेल तर खरा आकडा सांगितलेल्या आकड्याहून खाली असू शकतो, तसा वरही असू शकतो. केंद्र चालवणारी कंपनी टेप्को आणि अणुसुरक्षेवर देखरेख ठेवणारा सरकारी नियामक या दोघांनीही ‘विश्वासार्हता कमी’ याचा अर्थ ‘तूर्त बाजूला ठेवा’ असा घेतला.

संभाव्यतेची पद्धत नेमकं काय करते

शंका बाजूला न ठेवता तिला हिशेबातच जागा देणारी पद्धत तेव्हा जपानमध्ये तयार होत होती, आणि जगात अशा कामात जपानी अभियंते आघाडीवर होते. तिची कल्पना थोडक्यात अशी. किनाऱ्याला धोका पोहोचवू शकतील असे सगळे भूकंपस्रोत घ्यायचे. प्रत्येकासाठी कोणत्या तीव्रतेचा भूकंप वर्षाला किती वेळा, हा दर ठरवायचा. प्रत्येक भूकंपात समुद्रतळ किती उचलला जाईल हे काढायचं आणि ती लाट संगणकात किनाऱ्यापर्यंत चालवायची. चार हजार मीटर खोल पाण्यात तिचा वेग ताशी सातशे किलोमीटरच्या घरात असतो. उथळ पाण्यात वेग कमी होतो आणि उंची वाढते. मग एखाद्या ठिकाणी ठरावीक उंची ओलांडणाऱ्या सगळ्या घटनांचे दर एकत्र केले की त्या उंचीचा वार्षिक दर मिळतो. हे प्रत्येक उंचीसाठी केलं की धोक्याची वक्ररेषा तयार होते.

यात एक पायरी अशी आहे की ती गाळली तर उत्तर फार बदलतं. संगणकाने काढलेली उंची आणि प्रत्यक्षात आलेली उंची कधीच तंतोतंत जुळत नाही. जुन्या त्सुनामींवर तपासून पाहिलं, तर खरी लाट गणिती लाटेच्या साधारण १.४ पट वर किंवा तितकीच खाली सहज असते. एखाद्या भूकंपाची गणिती लाट ८ मीटरची आली, तर १० मीटरच्या चौथऱ्यावरचा माणूस निश्चिंत होतो. पण हा विखुरलेपणा हिशेबात घेतला तर तीच लाट चारातून एकदा चौथरा ओलांडते. एकच ‘सर्वांत वाईट’ आकडा देणाऱ्या पद्धतीत ही चौथाई कुठेच दिसत नाही.

दुसरी पायरी मतभेदांची. फुकुशिमासमोर त्सुनामी-भूकंप होऊ शकतो की नाही? निसर्गात याचं उत्तर एकच आहे, ते आपल्याला ठाऊक नाही एवढंच. अशा प्रश्नांसाठी लॉजिक ट्री वापरतात. ‘होऊ शकतो’ ही एक फांदी, ‘होऊ शकत नाही’ ही दुसरी, आणि प्रत्येक फांदीला तज्ज्ञांच्या मतांवरून वजन. सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने २००४ मध्ये तज्ज्ञांकडे प्रश्नावली पाठवून ही वजनं गोळा केली. फुकुशिमासाठी कळीचा असलेला प्रश्नही त्यात होता: त्सुनामी-भूकंप फक्त इतिहासात झाला तिथेच होतो, की खंदकाच्या पूर्ण लांबीत कुठेही होऊ शकतो? सर्वांच्या मतांची सरासरी निम्मी-निम्मी आली.

२००६ मध्ये कंपनीच्याच अभियंत्यांनी मायामीतल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत फुकुशिमाच्या किनाऱ्यासाठी या पद्धतीने केलेलं काम मांडलं. तेव्हाच्या आराखड्यातली उंची पन्नास वर्षांत ओलांडली जाण्याची शक्यता त्यात सुमारे १० टक्के निघत होती. पन्नास वर्षांत १० टक्के म्हणजे सरासरी ४७५ वर्षांतून एकदा. साध्या घरांच्या भूकंपरोधक आराखड्यात अनेक देश हीच पातळी धरतात. इथे प्रश्न अणुकेंद्राचा होता. पण ही पद्धत अजून विकसित होत आहे असं म्हणून ती निर्णयाच्या टेबलावर आलीच नाही.

१५.७ मीटर

भूकंपसुरक्षेचे नियम २००६ मध्ये नव्याने लिहिले गेले. त्यानुसार फेरतपासणी करताना २००८ मध्ये १८९६ च्या भ्रंशाचं प्रतिरूप उचलून फुकुशिमासमोरच्या खंदकावर ठेवून पाहिलं गेलं. पाणी उपसण्याच्या जागी ८.४ ते १०.२ मीटर आणि चौथऱ्याच्या दक्षिण टोकाला १५.७ मीटर असं उत्तर आलं. जूनमध्ये ते वरिष्ठांसमोर ठेवलं गेलं. ३१ जुलैला ठरलं की या प्रश्नाचा अभ्यास सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेकडे सोपवावा आणि मग काय ते पाहावं. नियामकाला हा आकडा कळवला गेला ७ मार्च २०११ रोजी, भूकंपाच्या चार दिवस आधी.

अभ्यास सोपवण्यात गैर काही नाही. अभ्यास चालू असतानाच्या काळात त्या धोक्याला किती वजन द्यायचं, हा खरा प्रश्न आहे. ते प्रत्यक्षात शून्य दिलं गेलं. वजन शून्य नसतं तर काय दिसलं असतं, याचा ढोबळ हिशेब तेव्हा छापून आलेल्या आकड्यांवरूनच करता येतो.

समोरच्या तुकड्यात ५३० वर्षांतून एक भूकंप. त्यातल्या निम्म्याच भूकंपांची लाट १० मीटरचा चौथरा ओलांडते असं धरू. मूळ अंदाज खरा असण्याला प्रश्नावलीतलं निम्मं वजन देऊ. गुणाकार केला की साधारण २,१०० वर्षांतून एकदा असं उत्तर येतं. अणुकेंद्रासाठी बाहेरच्या संकटांचा विचार साधारणपणे दहा हजार वर्षांतून एकदा किंवा त्याहून दुर्मीळ घटनेपर्यंत करतात. म्हणजे या एकाच स्रोतातून आलेला धोका त्या पातळीच्या जवळपास पाचपट होता. आता संशयी माणसाच्या बाजूने जाऊ आणि मूळ अंदाजाला फक्त १० टक्के वजन देऊ, म्हणजे तो चुकीचा असण्याची ९० टक्के खात्री आहे असं समजू. तरीही उत्तर साधारण दहा हजार वर्षांतून एकदा येतं, नेमकं उंबरठ्यावर. हा धोका नगण्य ठरवायचा तर मुख्यालयाचा अंदाज चूक आहे याची ९० टक्क्यांहूनही जास्त खात्री हवी होती. एवढी खात्री कुणाचीच नव्हती, आणि मतांचे आकडे कागदावर होते.

हे गणित मला फार महत्त्वाचं वाटतं. परिणाम भीषण असतील तिथे एखाद्या शक्यतेवर निम्मे तज्ज्ञ शंका घेतात म्हणून तिची संभाव्यता निम्मी होते, बस. तिच्यातून शून्य निघत नाही. ‘आधी सिद्ध करा, मग पाहू’ ही मागणी शास्त्राच्या वादात योग्य असेल, पण चालू अणुभट्टी त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबलेली नसते.

वाळूचा थर

दुसरा पुरावा जमिनीखाली होता. सन ८६९ मध्ये, जोगान काळात, फुकुशिमाच्या उत्तरेला असलेल्या सेंदाईच्या मैदानावर मोठी त्सुनामी आली. दरबारी इतिवृत्तात तिची नोंद आहे: तागाजो किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत समुद्र आला आणि सुमारे हजार माणसं बुडाली. अशा जुन्या वर्णनाला अभियंते सहसा हात लावत नाहीत. पण १९८० च्या दशकाच्या शेवटापासून भूवैज्ञानिकांनी त्या मैदानातल्या भातशेतीत खोदायला आणि नळीने मातीचे नमुने काढायला सुरुवात केली. नमुन्यात वरून खाली येताना काळपट दलदली माती, मग फिकट राखेचा पातळ पट्टा, आणि त्याच्या लगेच खाली काही सेंटिमीटर समुद्री वाळू. राख तोवादा ज्वालामुखीच्या सन ९१५ च्या उद्रेकाची आहे. तिच्या लगेच खाली वाळू, म्हणजे वाळू ९१५ च्या थोडी आधीची. तारीख लावण्यासाठी इतका नेमका साक्षीदार क्वचितच मिळतो. ही वाळू तेव्हाच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत सापडते, आणि तिच्या खाली आणखी जुने तसेच थर आहेत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात या घटनांमधलं अंतर ८०० ते ११०० वर्षं दिलं होतं. ८६९ पासून तोवर अकराशेहून अधिक वर्षं लोटली होती.

वाळूच्या विस्तारावरून भ्रंशाचं प्रतिरूप बनवलं गेलं, तेव्हा ८.४ च्या आसपासची तीव्रता मिळाली. ते प्रतिरूप वापरून फुकुशिमा केंद्राजवळची लाट काढली तर सुमारे ९ मीटर येत होती. जून २००९ मध्ये नियामकाच्या तज्ज्ञ बैठकीत भूवैज्ञानिक युकिनोबु ओकामुरा यांनी थेट विचारलं की तपासणीत जोगानचा विचार का केलेला नाही. उत्तर असं आलं की जोगानच्या भूकंपाने मोठं नुकसान केल्याचं दिसत नाही आणि पुढचा अभ्यास चालू आहे. कंपनीने स्वतः फुकुशिमाच्या किनाऱ्यावर खोदून पाहिलं. उत्तरेच्या भागात जोगानची वाळू मिळाली, दक्षिणेत मिळाली नाही.

वाळू न मिळण्याचा अर्थ काय, हे २०११ नंतर नीट कळलं. सेंदाईच्या मैदानात एका ठिकाणी त्या वर्षीचं पाणी साडेचार किलोमीटर आत गेलं होतं. ओळखू येण्याजोगा वाळूचा थर मात्र २.८ किलोमीटरवरच संपला. पुढे फक्त चिखल. हजार वर्षांनी खोदणाऱ्याला वाळू जिथे संपते तिथेच पाणी संपलं असं वाटलं असतं. जोगानचं गणित याच गृहीतकावर होतं, म्हणून ८.४ हा आकडा तळाचा होता. नंतरच्या हिशेबांत तो वर गेला. जमिनीतला पुरावा बहुधा धोका कमीच सांगतो, जास्त नाही. कुठल्याही किनाऱ्याचं मूल्यांकन करताना हे ध्यानात ठेवायला हवं.

वरची मर्यादा कुणी ठरवली

इथवरच्या कोणत्याही फांदीत ९.० नव्हता. मतभेद असलेल्या फांद्यांना वजन देता येतं, पण जी फांदी कुणी काढलीच नाही तिला वजन कसं देणार?

त्याचं मूळ जुनं आहे. १९८० च्या सुमारास असं मत रूढ झालं की तरुण, उबदार भूपट्ट वेगाने खाली सरकतो तिथे महाभूकंप होतात. जपानखाली जाणारा पॅसिफिक भूपट्ट जुना आणि थंड आहे, त्यामुळे इथे ९ ची तीव्रता गाठली जाणार नाही. २००४ मध्ये सुमात्रा-अंदमानच्या भूकंपाने हा नियम मोडला, कारण त्या मतानुसार तोही भाग महाभूकंपांचा नव्हता. २००८ मध्ये रॉबर्ट मॅककॅफ्री यांनी लिहिलं की नोंदींचा काळ इतका थोडा आहे की कोणत्याही सबडक्शन झोनमध्ये, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो अशा पट्ट्यात, ९ ची तीव्रता नाकारता येत नाही. जपान खंदकाचा अधिकृत अंदाज मात्र लहान लहान तुकड्यांचाच राहिला. सेंदाई ज्यात आहे त्या मियागी प्रांतासमोरच्या तुकड्यात साडेसातच्या आसपासचा भूकंप ३० वर्षांत होण्याची शक्यता ९९ टक्के दिली होती, कारण तो सरासरी ३७ वर्षांनी येत होता. आकडा प्रामाणिक होता. पण तो ऐकून किनाऱ्यावरच्या लोकांच्या मनात साडेसातचीच लाट बसली. २०११ मध्ये हे तुकडे सुटे तुटले नाहीत. सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा पट्टा एका झटक्यात सरकला आणि खंदकाजवळ सरकणं ५० मीटरपर्यंत गेलं.

संभाव्यतेच्या हिशेबात कमाल तीव्रतेचा आकडा सर्वांत जास्त संशयाने तपासावा लागतो तो यामुळेच. भूपट्ट दरवर्षी ८ सेंटिमीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे हजार वर्षांत ८० मीटर. नोंदवलेल्या भूकंपांतून त्यातलं किती सुटलं याचा ताळेबंद मांडला की उरलेली मोठी शिल्लक समोर येते. ही सगळी शिल्लक हळूहळू, भूकंपाविना सुटते असं मानायचं, तर त्याला पुरावा लागतो.

शेजारची दोन केंद्रं

याच समुद्रावर दक्षिणेला तोकाई दाइनी केंद्र आहे. इबाराकी प्रांताने २००७ मध्ये १६७७ ची बोसोची त्सुनामी धरून धोक्याचा नकाशा केला, आणि त्यात तिथली लाट केंद्राच्या आराखड्यापेक्षा उंच निघाली. चालकांनी पंपांभोवतीची भिंत ६.१ मीटरपर्यंत वाढवली. २०११ मध्ये पाणी आलं ५.४ मीटर. भिंतीतली काही छिद्रं बुजवायची राहिली होती, तेवढ्यातून एक पंप बुडाला आणि तीनपैकी एक जनरेटर बंद पडला. उरलेल्या दोघांवर केंद्र सुखरूप थंड झालं.

उत्तरेला ओनागावा आहे, २०११ च्या भूकंपकेंद्राच्या सर्वांत जवळचं अणुकेंद्र. सुरुवातीला त्याच्या आराखड्यातली लाट ३ मीटरचीच होती. तरी जमीन ठेवली १४.८ मीटरवर. अभियंते यानोसुके हिराई यांनी जुन्या त्सुनामींचा दाखला देऊन उंचीसाठी आग्रह धरला होता. भूकंपात जमीन एक मीटर खचली, लाट सुमारे १३ मीटरची आली, आणि केंद्र वाचलं. गावातली घरं गेलेले लोक केंद्राच्या आवारात आसऱ्याला आले होते.

फुकुशिमा दाइइचीतही एक गोष्ट तरली. सहाव्या भट्टीचा हवेने थंड होणारा एक जनरेटर तळघरात नव्हता, वेगळ्या इमारतीत वर होता. तो चालू राहिला आणि पाचवी व सहावी अशा दोन भट्ट्या त्याने सांभाळल्या.

भिंत पुरली असती का

जून २०२२ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरता येणार नाही असा निकाल दिला. बहुमताचा युक्तिवाद असा की प्रत्यक्ष भूकंप २००२ च्या अंदाजापेक्षा खूप मोठा होता आणि लाट वेगळ्या दिशेनेही आली. त्या अंदाजावरून भिंत बांधली असती तरी पाणी आत आलंच असतं. भिंतीपुरतं ते बरोबर असेल. पण १५.७ हा आकडा गांभीर्याने घेणाऱ्या अभियंत्याने केवळ भिंत बांधून हात झटकले असते, असं मला वाटत नाही. जलरोधक दारं, उंचावर एक जादा जनरेटर, उंचावर स्विचबोर्ड: ही कामं लाटेच्या नेमक्या उंचीवर फारशी अवलंबून नाहीत. न्यायमूर्ती मामोरु मिउरा यांच्या भिन्नमतातही असे जलरोधक उपाय करायला हवे होते असं म्हटलं आहे. हिशेब मोठ्या अनिश्चिततेचा असतो तेव्हा एका नेमक्या आकड्यावर बेतलेल्या बचावापेक्षा आकडा चुकला तरी टिकणारा बचाव हवा. संभाव्यतेची वक्ररेषा हे लगेच दाखवते, कारण ती १५.७ वर संपत नाही, पुढे जातच राहते.

नंतरचे अंदाज

२०१९ मध्ये मुख्यालयाने जपान खंदकाचा अंदाज नव्याने मांडला. २०११ सारखा महाभूकंप सरासरी ५५० ते ६०० वर्षांनी येतो असं वाळूच्या थरांवरून धरलं आहे, आणि तो नुकताच होऊन गेल्यामुळे पुढच्या ३० वर्षांसाठी त्याची शक्यता शून्याच्या जवळ दिली आहे. खंदकाजवळच्या त्सुनामी-भूकंपाची शक्यता मात्र सुमारे ३० टक्के आहे. ती शेवटची घटना केव्हा झाली याचा विचार न करणाऱ्या साध्या पद्धतीने मोजली जाते, आणि आता अशा भूकंपांच्या नोंदीत तीनऐवजी चार घटना आहेत. एकाच खंदकावरच्या या दोन आकड्यांमधला फरक बराचसा गृहीतकांतून आलेला आहे. पहिला आकडा वाचून निर्धास्त होणाऱ्याने दुसराही वाचायला हवा.

त्याच्याही आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, होक्काइदोसमोरच्या चिशिमा खंदकाचा अंदाज आला होता. तिथे एवढ्या मोठ्या भूकंपाची लेखी नोंद नाही. पुरावा आहे तो किनाऱ्यावरच्या वाळूच्या थरांचा, सरासरी ३४० ते ३८० वर्षांच्या अंतराने पडलेल्या. शेवटचा सतराव्या शतकातला. मुख्यालयाने ८.८ किंवा त्याहून मोठ्या भूकंपाची ३० वर्षांतली शक्यता एका आकड्यात दिली नाही. ती ७ ते ४० टक्के अशी दिली, आणि आपत्ती नियोजन त्या पूर्ण पल्ल्यासह सुरू झालं.